टाकळा कोणाच्या मालकीचा?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन वाचा.

मागच्या मंगळवारी आपल्या बाजारात काय झालं ते काही जणांनी पाहिलं असेल. एसटी स्टँडच्या भिंतीला लागून चार ठाकर बाया आणि एक कातकरीण पाट्या मांडून बसल्या होत्या. टाकळा, कुलू, भारंगी, थोडी कंटोली. सकाळी नऊच्या सुमाराला अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. पावती नाही, परवाना नाही, रस्ता अडतो, उठा. दोन पाट्या गाडीत गेल्या. एका बाईने टाकळ्याच्या जुड्या पदरात भरल्या आणि पुलाकडे चालू पडली. मी तिथेच उभा होतो, फोटो काढला. तो फोटो मी टाकणार नाही, कारण त्यात तिचा चेहरा दिसतो आणि उद्या तिलाच त्रास व्हायचा.

त्याच दिवशी दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण आलं. रानभाजी महोत्सव. दीपप्रज्वलन, मान्यवरांची मनोगतं, पाककृती स्पर्धा. पत्रिकेवर छान हिरवा टाकळा छापलेला.

राग आलाच. पण नुसता राग लिहून काही होत नाही, हे वीस-बावीस वर्षांच्या पत्रकारितेत कळलं आहे. म्हणून दोन दिवस जुनी पुस्तकं, कायदे काढून बसलो. डोंगरावर आपोआप उगवणाऱ्या एका भाजीवर हक्क कोणाचा, हा वाद पाट्या उचलल्या त्या दिवशी सुरू झालेला नाही. तो जवळपास दीडशे वर्षं चालू आहे.

त्याआधी माझी एक चूक सांगतो.

२००४ साल असेल. डिप्लोमा करून नुकता वार्ताहर झालो होतो. पावसाळ्यात डोंगरावरच्या एका वाडीत गेलो. चुलीवर भाजी शिजत होती, भाकरी नव्हती. पोरं बारीक. मी बातमी दिली आणि मथळा आला, ‘झाडपाला खाऊन दिवस काढण्याची वेळ’. बातमी गाजली. माझं कौतुक झालं. पंधरा दिवसांनी त्या वाडीतली आजी बाजारात भेटली. तिच्या नातवाने तिला पेपर वाचून दाखवला होता. ती म्हणाली, “दादा, तो झाडपाला नव्हता, भारंगी व्हती. तुला वाढली असती तर तूबी खाल्ली असतीस. उपाशी व्हतो आम्ही, पन भाजीनं न्हाई. तांदूळ सपला व्हता, रेशन आलं नव्हतं. ते लिवायचं व्हतं.”

तेव्हा मला थोडा अपमान वाटला. आता वाटतं, माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेली सगळ्यात नेमकी दुरुस्ती तीच. मी भाजीला गुन्हेगार केलं आणि ज्याच्यामुळे चूल अर्धी रिकामी होती तो प्रश्न सुटून गेला.

ही चूक करणारा मी पहिला नव्हतो. आता इतिहासाकडे येतो.

सुरुवात फार मागून करू. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून बारा-तेरा वर्षं तिथं उत्खनन केलं. साधारण तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. हे लोक जव पिकवत, गुरं पाळत, आणि सोबत रानातली बोरंही खात. पुढे इसवीसनापूर्वी १००० नंतर हवामान कोरडं होत गेलं, शेती साथ देईना, तेव्हा तिथले लोक शिकार आणि रानातल्या अन्नावर जास्त विसंबू लागले, असं उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे आपल्या मुलखात शेती आणि रान हे दोन वेगळे संसार कधीच नव्हते. शेत हरलं की रान हात देत होतं.

याची एक खूण आपल्या घराघरात अजून आहे. ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असं आई सांगायची. नांगरट न करता आलेलं तेवढंच चालतं, म्हणून ती ऋषीची भाजी. आता आपण ती भाजी मंडईतून शंभर रुपयांचा वाटा म्हणून आणतो, ते सोडा. पण नांगराच्या आधीचं खाणं वर्षातून एक दिवस तरी ताटात यावं, असं या प्रथेत आहे.

आणि रानभाजी म्हणजे ‘गरिबाचं खाणं’ हे तर आपल्याच जिल्ह्यात खोटं ठरतं. पहिल्या पावसाच्या आसपास शेवळं येतात. शेवळं म्हणजे जंगली सुरणाचा फुलोरा, पान यायच्या आधी जमिनीतून वर येतो. ठाण्या-मुंबईच्या सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळांची वाट पाहिली जाते. कोणी वालाबरोबर करतं, कोणी कोलंबी घालतं, कोणी सोडे, कोणी खिमा. चांगल्या खात्यापित्या घरात, हौसेने. ती शेवळं डोंगरातून खाली आणत कोण होतं? याच बाया. त्यांच्या आया, आज्या.

शेवळं नुसती चिरून शिजवली तर घसा खाजून हैराण होतो. आतला पिवळा भाग काढावा लागतो आणि काकडाची आंबट फळं घालावी लागतात. म्हणून बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं मिळतात. काकडं नाहीत तर चिंच, आमसूल. कडूकंदाचं त्याहून अवघड. काप करायचे, राख घालून उकळायचे, मग वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे ते पोटाला चालतात. टाकळा कोवळा, फुलावर यायच्या आधी. कुलू म्हणजे फोडशी, हीही कोवळीच, आणि आतला दांडा काढून. कुठल्या महिन्यात कुठला भाग, किती उकळायचा, कशाबरोबर, ही माहिती काही एका रात्रीत आली नसेल. कोणाचा तरी घसा सुजला असेल, कोणाचं तरी पोट बिघडलं असेल, कोणी जीवही गमावला असेल. तेव्हा हे ठरत गेलं. हे शास्त्रच आहे, फक्त वहीत नाही.

आता कायद्याकडे येऊ.

१८६५ साली इंग्रजांनी पहिला वन कायदा केला. रेल्वे वाढत होती, स्लीपरला लाकूड हवं होतं. १८७८ चा कायदा जास्त कडक. त्याने जंगलाचे प्रकार पाडले. राखीव जंगलात ज्याला परवानगी दिली तेवढंच चालेल, बाकी सगळं मना. संरक्षित जंगलात जे मना केलं नाही ते चालेल. ऐकायला फरक छोटा वाटतो. पण वाडीच्या मागचा डोंगर ‘राखीव’ झाला की आजीची भाजी रातोरात परवानगीची गोष्ट झाली.

पुढे १९२७ चा भारतीय वन अधिनियम आला. तो अजूनही लागू आहे. त्यातली ‘वनोपज’ या शब्दाची व्याख्या एकदा वाचा. जंगलात सापडलेली किंवा जंगलातून आणलेली झाडं, पानं, फुलं, फळं तर आहेतच. शिवाय झाड नसलेल्या वनस्पतीही आहेत. गवत, वेली, बोरू, शेवाळसुद्धा. त्यांचे सगळे भाग. म्हणजे तोच टाकळा रस्त्याच्या कडेला उगवला तर तण, शेताच्या बांधावर उगवला तर खुरपून फेकायचा कचरा, आणि राखीव जंगलाच्या हद्दीत चार पावलं आत उगवला तर सरकारी माल. टाकळ्याला बिचाऱ्याला हे माहीत नाही.

हे होत असताना ओरड झाली नाही असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी हे स्पष्ट मांडलं आहे. थोडीशी जमीन असलेला कुणबी पूर्वी रानातली उंबरं, जांभळं खाऊन आणि पळस, मोहासारख्या झाडांची पानं-फुलं विकून तग धरायचा. जंगल खात्याने ते दार बंद केलं. लक्षात घ्या, फुले इथे फक्त आदिवासींबद्दल बोलत नाहीत. गावातल्या शेतकऱ्याबद्दल बोलत आहेत. आपल्या पणजोबांबद्दल.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर असंतोष एवढा वाढला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. मुख्य तक्रार राबाची होती. भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर फांद्या, पाला पसरून जाळतात तो राब. फांद्या तोडायला बंदी म्हणजे राब नाही, राब नाही म्हणजे रोप नाही. शेत आणि रान एकमेकांत किती गुंतले होते ते या एका तक्रारीवरून दिसतं. कातकऱ्यांचं तर नावच खैरापासून कात काढण्याच्या कामावरून पडलं. जंगलाला कुंपण पडलं आणि नाव तेवढं राहिलं, काम गेलं.

याच काळातलं एक पुस्तक मला फार विचार करायला लावतं. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ होऊन गेला होता. १८८६ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २५ वा खंड निघाला, वनस्पतींवरचा. डॉ. जे. सी. लिस्बोआ या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांचं त्यात मोठं काम आहे. मेहनतीचं काम, आजही उपयोगी पडतं. त्यात खाण्याच्या वनस्पतींची एक यादी आहे आणि दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची वेगळी. माझा प्रश्न एवढाच, की कुठली भाजी कुठल्या यादीत जाणार हे ठरवायचं कोणी? जो साहेब दुष्काळातच वाडीवर गेला, त्याला तिथली प्रत्येक भाजी दुष्काळाची वाटणार. २००४ मध्ये मीही तसाच गेलो होतो. माझ्याकडे फक्त टोपी नव्हती.

मग १९३० आलं. मिठाचा सत्याग्रह सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडे समुद्रापासून लांबच्या लोकांनी काय करायचं, तर जंगलचा कायदा मोडायचा. पुसदला लोकनायक बापूजी अणे, सांगलीकडे बिळाशी, आणि आपल्या शेजारी उरण तालुक्यातलं चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जमले, पोलिसांनी गोळ्या घातल्या. गेलेल्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होता. चिरनेरला दर वर्षी त्या दिवशी मानवंदना होते. भाषणात देश येतो, स्वातंत्र्य येतं, ते यायलाच हवं. पण तो सत्याग्रह जंगलाचा होता, हे मधेच हरवतं.

स्वातंत्र्य मिळालं. १९२७ चा कायदा तसाच राहिला.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अजून आपल्या घरात आहेत. सुकडी, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं. माझी आजी घाटावरची. ती सांगायची की पाऊसच नाही तर पाल्याची भाजी तरी कुठून उगवणार? पहिला शिडकावा झाला तेव्हा बांधावर तरवट्याची दोन दोन पानं दिसली आणि बाया ती बघायला गेल्या. तोडायला नाही, बघायला. त्याच दुष्काळातून रोजगार हमी आली, हे बरं झालं. पण त्या पिढीच्या मनात रानभाजी आणि वाईट दिवस यांची गाठ पक्की बसली. माझ्या वडिलांनी नंतर आयुष्यभर घोळीची भाजी खाल्ली नाही. म्हणायचे, झालं ते बास. त्यांनाही मी चूक म्हणू शकत नाही.

म्हणून रानभाजीचे नुसते गोडवे गाणाऱ्यांना एक सांगतो. पाल्याने पोट भरत नाही. त्यात लोह असेल, जीवनसत्त्वं असतील, पण आषाढ-श्रावणात कणगी रिकामी असते तेव्हा भाताला पर्याय म्हणून टाकळा चालत नाही. जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये मुलं गेली, ती रानभाज्या संपल्या म्हणून नाही गेली. आजी म्हणाली तेच, तांदूळ सपला व्हता. रेशन, रोजगार, दवाखाना यांच्या जागी ‘पारंपरिक पौष्टिक आहार’ असा फलक लावून कोणी हात झटकत असेल तर त्याला अडवलं पाहिजे.

आता २००६. वन हक्क कायदा झाला. त्याची प्रस्तावनाच सांगते की वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. गौण वनोपज गोळा करणं, वापरणं आणि विकणं यांवर त्यांची मालकी आहे, असं या कायद्यात लिहिलं आहे. गौण वनोपज म्हणजे काय, तर त्यात बांबू आहे, मध आहे, तेंदूपत्ता आहे, आणि औषधी वनस्पती, मुळं, कंदही आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः दिले. १८७८ मध्ये बंद झालेलं दार उघडायला १२८ वर्षं लागली.

तर मग मंगळवारी काय झालं? दार डोंगरावर उघडलं आणि बाजारात बंद झालं. गोळा करायचा हक्क आहे, विकायचा हक्क आहे, पण बसायला चार फूट जागा नाही. यासाठीही कायदा आहे. २०१४ चा पथविक्रेता अधिनियम. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात आणि त्यात एक तृतीयांश बायका. आपल्या गावात सर्वेक्षण कधी झालं, पावसाळ्यात चारच महिने येणाऱ्या या बाया त्यात धरल्या का, हे मी लेखी विचारलं आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.

महोत्सवाला माझा विरोध नाही. गेल्या काही वर्षांत कृषी विभाग, ‘आत्मा’ असे महोत्सव भरवतात, त्यामुळे शहरातली तरुण पोरं टाकळा ओळखायला लागली. चांगलंच आहे. पण मागणी वाढली की तिचा भार डोंगरावर येतो, हेही बघायला हवं. कुलूची पानं खुडली तर पुढच्या वर्षी पुन्हा येतात. मात्र तिच्याच जातीची मुळं ‘सफेद मुसळी’ म्हणून खणून नेली की तो डोंगर रिकामा होतो. भाजीवाल्या बाया पान घेतात, कंद ठेवतात. खणून नेणारे वेगळे असतात, आणि त्यांच्या पाट्या कोणी उचलत नाही. बांधावर तणनाशक मारलं जातं, त्यात टाकळा, कुर्डू, केना सगळं एकदम जातं. डोंगराच्या कुशीत फार्महाऊसची तारकुंपणं पडली, त्यात वाडीच्या पायवाटा गेल्या. इंग्रजांचं कुंपण कागदावर होतं, हे तारेचं आहे.

आणि एक कळकळीची सूचना. मोबाइलवर फोटो बघून रानात भाजी खुडायला जाऊ नका. कळलावीचं फूल दिसायला सुरेख आहे, पण ती जीव घेते. अळिंबीचं तर विचारूच नका. ज्याला ओळख आहे त्याच्याकडूनच घ्या आणि कशी शिजवायची तेही त्यांनाच विचारा. ते सांगतात, वेगळे पैसे घेत नाहीत.

या आठवड्यात मी नगर कार्यालयात अर्ज देतोय. तीन गोष्टी मागितल्या आहेत. जून ते सप्टेंबर बाजाराच्या दिवशी स्टँडजवळ रानभाजीसाठी आखून दिलेली जागा, डोक्यावर ताडपत्री आणि प्यायचं पाणी. या बायांची पथविक्रेता म्हणून नोंद. आणि जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी जी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, ती कार्यालयात बसून न भरता या बायांना विचारून, त्यांच्या शब्दांत भरावी. सही करायची असेल तर अर्जाची प्रत माझ्याकडे आहे, आतापर्यंत ४१ सह्या झाल्या आहेत.

परवा पुलापलीकडे गेलो होतो. ती टाकळ्याची बाई तिथे बसली होती, चिखलात गोणपाट टाकून. दोन जुड्या घेतल्या. महोत्सवाचं सांगितलं, येणार का विचारलं. ती म्हणाली, “यीन की. तिथं पाटी ठिवू देत्यात का?”

मी म्हटलं विचारून सांगतो. आयोजकांना विचारलं आहे, अजून कळवलेलं नाही.

येत्या मंगळवारी सकाळी सात वाजता मी स्टँडजवळच्या त्या भिंतीपाशी असेन. तुम्हीही या. येताना पिशवी आणा, सुट्टे पैसे आणा, आणि घासाघीस करू नका.